फोर टेट, डॉल्बी आणि तंबोऱ्याची जवारी: आमच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या माडीवर पंधरावीस माणसं जमतात, दिवे मालवतात आणि एक अख्खा अल्बम गप्प बसून ऐकतात. गेलं वर्षभर आम्ही बहुतेक एकाच माणसाचे अल्बम लावतोय: लंडनचा कीरन हेब्डन. इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, संगीतातलं त्याचं नाव फोर टेट. नव्या माणसाला दर वेळी तेच तेच सांगून माझा घसा बसला. व्हॉट्सॲपवर उत्तरं लिहिली तर ती गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जातात. म्हणून एकदाच, सविस्तर लिहून ठेवतोय.

फोर टेट म्हणजे बँड आहे का?

नाही, एकटा माणूस. जन्म १९७७ चा, लंडनचा. शाळेत असताना दोन मित्रांबरोबर त्याचा फ्रिज नावाचा बँड होता, गिटार-ड्रम्सवाला. त्याच्या जोडीनं घरी कॉम्प्युटरवर जे उद्योग चालले होते ते फोर टेट या नावानं बाहेर आले. पहिला अल्बम 'डायलॉग', १९९९. आई भारतीय वंशाची, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली. हे सांगितलं की बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे आपला किरणच की!" तर नाही. ते नाव आयरिश आहे, 'की'वर जोर देऊन म्हणायचं.

नावांचा त्याला भारी सोस. निव्वळ नाचायचे तुकडे तो 'केएच' या नावानं काढतो, काही 'पर्कशन्स' या नावानं. एक नाव तर ००११०१०० ०१०१०१०० असं आहे. कॉम्प्युटर अक्षरं ज्या शून्य-एकच्या लिपीत साठवतो, त्या लिपीत वाचलं तर पहिल्या आठ आकड्यांत 'चार' आहे आणि पुढच्या आठांत 'टी'. फोर टी. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं हे बघताक्षणी हसतात, बाकीच्यांना वाटतं फोन नंबर लिहिताना चूक झाली.

हे डॉल्बीवर वाजतं तसलंच ना?

हा प्रश्न पहिल्याच बैठकीला समोरच्या घरातून आला आणि रागानं आला. रास्तही होता. डॉल्बी हे मुळात आवाजाच्या तंत्रावर काम करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचं नाव, पण आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बेसच्या पेट्यांची भिंत म्हणजे डॉल्बी. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत त्या भिंतीसमोर उभं राहिलेल्या माणसाला 'क्लबचं संगीत' म्हटल्यावर दुसरं काय आठवणार?

प्रामाणिक उत्तर असं की नातं आहे, आणि जवळचं आहे. दोन्हीकडे प्रत्येक मात्रेवर एक खालचा ठोका (किक) पडतो, मिनिटाला साधारण १२० ते १३०. तो ठोका पायाला कळतो, त्याच्यासाठी कानाला शिकवणी लागत नाही. फरक आहे तो वर काय बसवलंय त्यात. डॉल्बीवाल्याला उघड्या रस्त्यावर हजारभर माणसं हलवायची असतात. तो बेस वाढवतो, टॉप, म्हणजे वरचे सूर, चिरचिरीत ठेवतो आणि मधला भाग जवळजवळ पुसून टाकतो. हेब्डनचं निम्म्याहून जास्त काम त्या मधल्या भागात चालतं: घंटा, वीणेसारख्या तारा, बारीक कापलेले आवाज, कुठंतरी लांब खोलीत चाललेलं गाणं.

एकदा तासगावकडचा एक डॉल्बीवाला पोरगा आला होता, ओळखीतला. मान खाली घालून सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "भाऊ, किक कसली गोल हाय! पर बेस लई कमी ठेवलाय त्यानं." मग उठला आणि माझे स्पीकर कोपऱ्यातून ओढून भिंतीपासून हातभर पुढं आणून ठेवले. त्याचं काय झालं ते खाली स्पीकरच्या प्रश्नात सांगतो.

आवाजाच्या नियमांचं म्हणाल, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. आमची बैठक साडेनऊला संपते. समोरचे आजोबा आता तक्रार करत नाहीत. एकदा तर गॅलरीत बसून ऐकत होते, पण ते कबूल करणार नाहीत.

सुरुवात कुठून करू?

'देअर इज लव्ह इन यू', २०१०. दुसरं काही नको.

त्यात नऊ तुकडे आहेत. पहिला 'एंजल एकोज'. एका बाईचा आवाज इतका बारीक कापलाय की शब्द गळून गेलेत, नुसते स्वर उरलेत, आणि ते स्वर ठेक्यावर झुल्यासारखे येतात-जातात. दुसरा 'लव्ह क्राय' नऊ मिनिटांचा. हा पहिल्यांदा ऐकताना तीनेक मिनिटांनी "आता पुढं काय?" असं होतं. तिथं उठू नका. मध्ये 'पाब्लोज हार्ट' नावाचा काही सेकंदांचा तुकडा आहे, नुसते हृदयाचे ठोके. नवशिक्यांना वाटतं फाईल खराब झाली.

त्यानंतर मागं जाऊन 'राउंड्स' (२००३) ऐका. त्यात क्लब नाही. उन्हात वाळवण पसरावं तशा गिटारच्या तारा, मोडके ड्रम, खेळण्यातल्या पेटीसारखे सूर पसरलेले आहेत. मग पुढं यायचं. 'ब्युटिफुल रिवाइंड' (२०१३) जरा खरबरीत आहे, पण त्यात 'पॅरलल जलेबी' नावाचा एक तुकडा आहे आणि नावाला जागतो, वेटोळ्यात वेटोळं. 'न्यू एनर्जी' (२०१७) मध्ये संतूरसारखा वाजणारा 'टू थाउजंड अँड सेव्हन्टीन' आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा "परत लावा" म्हणतात तो हा. 'सिक्स्टीन ओशन्स' (२०२०) मध्ये सोळा तुकडे, त्यातल्या एकाचं नाव 'मामा टीचेस संस्कृत'. हा अल्बम मला चिवड्यासारखा वाटतो. मूठभर छान लागतो, ताट भरून घेतला की शेंगदाणे शोधत बसावं लागतं. बैठकीतल्या निम्म्या लोकांचं मत उलटं आहे, त्यांना तो सर्वांत आवडतो. 'थ्री' (२०२४) नावाला तीन, तुकडे आठ. त्यातलं 'डेड्रीम रिपीट' हे नावच त्याच्या सगळ्या संगीताचं वर्णन म्हणून चालेल.

'मॉर्निंग/इव्हनिंग' मुद्दाम वगळलाय. त्याच्यावर खाली वेगळं लिहिलंय, कारण त्याच्यावरून आमच्याकडे भांडण झालं होतं.

स्वप्नाळूही आणि नाचायचंही, हे एकाच वेळी कसं काय?

सगळ्यात चांगला प्रश्न. याचं उत्तर मला लंडनमध्ये नाही, मिरजेत सापडलं.

आधी लंडनचं. तिथं प्लास्टिक पीपल नावाचा क्लब होता, २०१५ च्या जानेवारीत बंद झाला. लहानसं तळघर, जवळजवळ काळोख, आणि त्या मानानं फारच उत्तम साउंड सिस्टीम. हेब्डन तिथं नियमित डीजे म्हणून वाजवायचा. 'देअर इज लव्ह इन यू'मधले तुकडे तिथं वाजवत वाजवत घडले. त्या अल्बममधल्या एका तुकड्याचं नावही 'प्लास्टिक पीपल'च आहे. आता विचार करा, काळोखात माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, मंचाकडे बघत नाहीत. पाय ठेक्यावर चालू राहतात आणि कान मोकळे होतात. अशा जागी आवाजाचा बारीकसा बदलही मोठा वाटतो. म्हणजे त्या संगीतातला ठेका माणसाला जागेवर धरून ठेवतो आणि मन फिरायला सोडतो.

आता मिरज. सतारमेकर गल्लीत एका कारागिराकडे मी तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज उघडताना, बघत बसलो होतो. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिथं माझ्यासारखे नुसते बघे वाढलेत.) त्यानं घोडीची पाठ कानशीनं हलकेच घासली, फुंकर मारली, तार चढवून छेडली. आवाज मुका, लाकडावर टिचकी मारल्यासारखा. मग तारेखाली घोडीवर सुताचा एक धागा सरकवला, शितापेक्षा जाड नव्हता. परत छेडलं, थोडा उघडला. धागा केसभर मागं घेतला, आणि त्या एका तारेतून मोहोळ उठावं तसे सूर उठले. खालचा षड्ज होता तिथंच होता, पण त्याच्या पोटातून पंचम, मग वरचा षड्ज, मग तो स्वयंभू गंधार, एकामागून एक झळकत वर गेले आणि विरले. तार तीच, पट्टी तीच. कारागीर माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता बोलतीया."

तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीला ओझरती लागत राहते, त्यामुळे मूळ सुराच्या वरचे बारीक स्वर जागे होतात. धागा ते ओझरतं लागणं कमीजास्त करतो. सिंथेसायझरवर जो फिल्टर असतो, तो वेगळ्या वाटेनं असाच परिणाम घडवतो. सूर मुळात भरगच्च असतो, फिल्टर त्याचे वरचे स्वर झाकून ठेवतो. कळ फिरवत नेली की झाकण उघडत जातं. क्लबच्या संगीतात ही कळ कधी दोन सेकंदांत फिरवतात, तेव्हा गर्दी ओरडते. हेब्डन ती चार-चार मिनिटं लावून फिरवतो. त्या वेळात धून बदलत नाही, ठेका बदलत नाही. तुम्ही धुनेकडे कान लावून बसलात तर "तेच तेच वाजतंय" असं वाटणारच. तंबोऱ्याकडे लावतात तसा कान लावा.

दुसरी एक युक्ती सांगतो. ही एकदा कळली की सगळीकडे ऐकू येते. खालचा ठोका पडला की त्या क्षणापुरते बाकीचे सूर दबतात आणि ठोका ओसरला की पुन्हा फुगून वर येतात. मिनिटाला सव्वाशे वेळा. त्यामुळे लांबलचक, धुकट सूरसुद्धा श्वास घेतल्यासारखे वाटतात. नाचणाऱ्याला ते ढकलतात, बसलेल्याला झुलवतात.

लतादीदींचा आवाज कापून वापरलाय म्हणे. हे बरोबर आहे का?

भांडण झालं ते यावरच.

'मॉर्निंग/इव्हनिंग', २०१५. अल्बममध्ये दोनच तुकडे, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांचे, एक सकाळची बाजू आणि एक संध्याकाळची. सकाळच्या बाजूत १९८३ च्या 'सौतन' चित्रपटातल्या 'मैं तेरी छोटी बहना हूँ' या गाण्यातला लताबाईंचा आवाज घेतलाय. मूळ संगीत उषा खन्नांचं. हेब्डन तो आवाज ठेक्यावर बराच वेळ फिरवत ठेवतो, आजूबाजूला बाकीचे सूर गोळा होत जातात, आणि मग आवाज मागं मागं जात विरतो.

आम्ही लावला तेव्हा आधी सांगितलं नव्हतं. ही माझी चूक. बैठकीत एक काका येतात, निवृत्त शिक्षक, आयुष्यभर रेडिओ सिलोन ऐकलेले. ते डोळे मिटून बसले होते. दीदींचा आवाज आला तसे ताठ झाले. चेहऱ्यावर आधी आनंद, मग संशय. तीच ओळ चौथ्यांदा आली तेव्हा काळोखातच म्हणाले, "अहो, सुई अडकली वाटतं." कुणीतरी हसलं. काका उठून गॅलरीत गेले. नंतर चहाच्या वेळी चांगलं अर्धा तास वाजलं. त्यांचं म्हणणं असं: मंगेशकरांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, आशाताईंचा तर जन्मच १९३३ चा सांगलीचा, या गावात दीदींची ओळ मध्येच तोडायची म्हणजे आरती मध्येच थांबवण्यासारखं. गाण्याला अर्थ असतो, धाकटी बहीण थोरलीला काही सांगतेय, आणि हा माणूस तिला वाक्य पुरं करू देत नाही.

हे मला पूर्णपणे खोडता येत नाही, आणि आता खोडायची इच्छाही नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं की हेब्डननं आवाजाची चेष्टा केलेली नाही. रिमिक्सच्या लाटेत आपल्याच लोकांनी जुन्या गाण्यांवर ढाकचिक चढवली, त्यात गाणं ठेक्याखाली चिरडलं जायचं. इथं ठेका आवाजाला वाट करून देतो. काका म्हणाले, "वाट करून दिली, पण घरापर्यंत पोचवलं नाही." पुढच्या महिन्यात परत आले. संध्याकाळची बाजू त्यांना आवडली. ती शांत आहे, त्यात ठेका फार उशिरा येतो.

रिमिक्स म्हणजे दुसऱ्याचं गाणं ढापून फास्ट करणं, असंच ना?

आपल्याकडे त्या शब्दाला तोच वास लागलाय, आणि लागायला कारणंही आहेत. पण इकडच्या अर्थानं रिमिक्स करायला मूळ कलाकार स्वतःच बोलावतो. गाण्याचे सुटे भाग देतो: आवाज वेगळा, ड्रम वेगळे, गिटार वेगळी. त्यातलं किती ठेवायचं ते रिमिक्स करणारा ठरवतो.

सांगलीकराला हे नाट्यपदावरून पटकन कळेल. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच उभं केलं, नाट्यपंढरी म्हणून आपण अजून मिरवतो, तर तो हक्क वापरू या. नाटकात जे पद पाच मिनिटांत उरकतं, तेच मैफलीत गायक अर्धा तास मांडतो. शब्द तेच, चाल ओळखू येते, पण आता त्याच्यामागं प्रसंग नाही, पात्र नाही, नुसता विस्तार आहे. हेब्डनचे चांगले रिमिक्स असे असतात. बेलफास्टच्या बायसेप या जोडीच्या 'ओपल'वरचा त्याचा रिमिक्स आमच्याकडे मूळ तुकड्यापेक्षा जास्त वेळा वाजलाय. रेडिओहेड या बँडच्या 'स्कॅटरब्रेन'चाही त्यानं केलाय. २००६ मध्ये 'रिमिक्सेस' नावाचा दोन सीडींचा संच निघाला: एकीत दुसऱ्यांच्या गाण्यांवर त्यानं केलेलं काम, दुसरीत त्याच्या गाण्यांवर दुसऱ्यांनी केलेलं. आहेर आणि परतीचा आहेर.

म्हणजे हे एक प्रकारे आपलं शास्त्रीय संगीतच झालं की!

नाही झालं. जवारीचं मीच सांगितलं आणि आता मीच अडवतोय, पण हे म्हणणं आवरा.

रागाला चलन असतं, आरोह-अवरोह असतो, वादी-संवादी असतात, कुठल्या स्वरावर किती थांबायचं याचा शिष्टाचार असतो. इथं बहुतेक वेळा दोन-चार स्वरांची एक नक्षी आणि एखाददुसरी स्वरसंगती असते. 'सकाळ-संध्याकाळ' नावं दिली म्हणून लगेच समयचक्र शोधायला जाऊ नका.

जुळतं ते ऐकणाऱ्याचं. मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली रात्र रात्र जागून ज्यांनी गाणं ऐकलंय, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची ती एकेका स्वराला बराच वेळ देणारी बढत ज्यांच्या कानात मुरलीय, त्यांना इथं घाई होत नाही. बैठकीत सगळ्यात आधी रुळले ते गाणं शिकणारे, तरुण पोरं नव्हेत. पोरं पहिल्या दोन मिनिटांत "ड्रॉप कधी येणार", म्हणजे ठेका दणक्यात कधी कोसळणार, असं विचारतात.

आपल्याकडे कुणी केलंच नाही का असं काही?

केलं, आणि फार आधी केलं. मुंबईचे चरणजित सिंग, चित्रपट संगीतात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची एलपी काढली. रोलँड कंपनीची तीन यंत्रं: टीआर-८०८ ठेक्याला, टीबी-३०३ खालच्या सुराला, ज्युपिटर-८ रागाला. तबकडी चालली नाही. पुढं १९८७ मध्ये शिकागोच्या फ्युचर या मंडळींनी त्याच टीबी-३०३ ची कळ पिळून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि त्यातून ॲसिड हाउस नावाचा प्रकार जगभर पसरला. २०१० मध्ये चरणजितांची तबकडी नव्यानं निघाली तेव्हा परदेशातले लोक डोळे चोळत बसले, हे पाच वर्षं आधीचं कसं? चरणजित २०१५ मध्ये गेले. फोर टेटशी त्यांचा थेट संबंध जोडू नका. पण भैरवापासून सुरू होणारी ती तबकडी आम्ही एका शनिवारी पूर्ण लावली, त्या दिवशी भडंगाची परात तशीच राहिली.

मला तर झोप येते.

येऊ द्या. घोरलात तर मात्र उठवू.

कशावर ऐकायचं? मोबाईलचा स्पीकर चालेल?

नाही चालणार. मोबाईलच्या स्पीकरवर खालचा ठोका येतच नाही, उरते नुसती टिकटिक. मग "यात काय आहे" असं म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल. हजार-दीड हजाराचे साधे वायरचे हेडफोन यापेक्षा कितीतरी बरे.

स्पीकर असतील तर त्या तासगावच्या पोरानं शिकवलेलं ऐका. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती बेस परत फेकतात, तो फुगतो आणि मधले सगळे सूर चिखलात जातात. हातभर पुढं ओढले तसं 'एंजल एकोज'मधलं एक घंटेसारखं काहीतरी मला पहिल्यांदा ऐकू आलं. दोन वर्षं तोच तुकडा ऐकत होतो मी! दुसरं, सतरंजी अंथरा, पडदे सोडा. फरशी आणि मोकळ्या भिंती असल्या की आवाज घुमतो.

यंत्रांच्या मागं मात्र लागू नका. 'न्यू एनर्जी' झाल्यावर हेब्डननं आपल्या कामाच्या जागेचा फोटो टाकला होता: खिडकीसमोर टेबल, लॅपटॉप, स्पीकर, बाहेर झाडं. बस. तो फोटो मी बायकोला दाखवला, म्हणजे मी काय काय विकत घेतलेलं नाही हे तिला कळावं.

क्लब म्हटलं की दारू, नशा आलीच. मुलाला पाठवू का?

पाठवा. आमच्याकडे चहा, भडंग आणि हंगामात तासगावची द्राक्षं. क्लबमध्ये काय चालतं ते क्लबवाले जाणोत. या अल्बमना त्याची गरज नाही.

मला स्वतःला असं संगीत करायचंय. काय लागेल?

एक बरा लॅपटॉप आणि पेशन्स. हेब्डन सुरुवातीला ऑडिओमल्च आणि कूल एडिट ही साधी सॉफ्टवेअरं वापरायचा, नंतर एबलटन लाइव्हवर आला. तुम्ही ऑडॅसिटी किंवा एलएमएमएसवर फुकटात सुरुवात करू शकता.

पण आधी आवाज गोळा करा. आमच्यातली एक मुलगी पहाटे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली जाऊन फोनवर आवाज घेऊन आली: वरून जाणारी दुचाकी, पाण्याला टेकणारी बादली, लांबून देवळातली घंटा. हळदीच्या सौद्यातला बोलीचा कल्ला घेतला. त्या कल्ल्यातला एकच आकडा, "चौदा", कापून तिनं मात्रेवर बसवला. वीस वेळा ऐकल्यावर त्याचा अर्थ जातो आणि तो तालवाद्य होतो. पहिला प्रयत्न म्हणून हे झकास होतं. दुसऱ्या प्रयत्नात तिनं बावीस आवाज एकावर एक घातले आणि सगळ्याचं पिठलं झालं. तीन आवाज घ्या. तिघांना एकमेकांत वावरायला जागा द्या.

चित्रपटाचं गाणं कापायचा मोह होईल. घरी शिकण्यापुरतं कापा, बाहेर काढू नका. आपल्या कायद्यात गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेवर आणि एक ध्वनिमुद्रणावर. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९८३ चं मुद्रण २०४३ संपेपर्यंत राखीव. रचनेचा त्याहून लांब, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्हीकडची परवानगी लागते. कृष्णेच्या पाण्याला काही लागत नाही.

विकत घ्यायचे तर कुठं? फुकट ॲपवर आहेतच की.

आहेत, ऐका. आवडले तर बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर त्याचं पान आहे, तिथून फाईल विकत घेता येते. त्याचं स्वतःचं टेक्स्ट रेकॉर्ड्स हे लेबल (रेकॉर्ड कंपनी) आहे, तिथल्या विक्रीत मध्यस्थ कमी. आणि ॲपवर आज आहे ते उद्या असेलच असं नाही. जुन्या लेबलशी त्याचा स्ट्रीमिंगच्या पैशांवरून वाद झाला, तेव्हा २०२१ मध्ये 'राउंड्स'सकट तीन अल्बम ॲपवरून गायब झाले होते. २०२२ मध्ये तडजोड झाली, स्ट्रीमिंगच्या उत्पन्नात त्याला निम्मा वाटा मान्य झाला आणि अल्बम परत आले. तोपर्यंत आमची एक बैठक कुणाच्या तरी जुन्या सीडीवर भागवली होती. ती सीडी चौथ्या गाण्यावर खरोखरच अडकली, आणि पाच मिनिटं कुणाच्याही लक्षात आलं नाही.

त्याला प्रत्यक्ष ऐकायला मिळेल का?

सांगलीत? हेब्डन २०२३ मध्ये स्क्रिलेक्स आणि फ्रेड अगेन या बड्या कलाकारांबरोबर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला वाजवून आलाय. भावे नाट्यमंदिराची तारीख मिळवून देतो म्हणणारे दोघे आहेत आमच्यात, पण पाहुण्याकडून होकार आणायला कुणी तयार नाही.

बैठकीला यायचं तर काय करायचं?

शेवटच्या शनिवारी साडेसातपर्यंत या. आठला दिवे जातात आणि त्यानंतर दार वाजवलं तर कुणी उघडत नाही. फोन बंद, नुसता सायलेंट नको, कारण स्क्रीन उजळली की सगळ्यांची तंद्री मोडते. दोन तुकड्यांच्या मध्ये टाळ्या नाहीत, अल्बम संपल्यावर वाटलं तर वाजवा. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतो, स्पीकर नाही. मग आमच्यातल्या एका ताई तंबोरा काढतात आणि लाईट येईपर्यंत तो ऐकायचा. गेल्या पावसाळ्यात लाईट आली तरी पाऊण तास कुणी स्पीकर लावा म्हणालं नाही.

खाली बसायला त्रास होत असेल तर चार खुर्च्या आहेत, आधी सांगून ठेवा. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा, समोरच्या आजोबांच्या फाटकासमोर नको.